उलथणं मुलाच्या हाती द्या

मुलं पंचविशीच्या पुढे गेली की घरातलं बोलणं आटत जातं. भांडण नसतं, अबोला नसतो. तरी फोन "जेवलास का, तिकडे पाऊस आहे का, बरं ठेवते" एवढ्यावर संपतो. चार दिवसांची रजा काढून लेक घरी आला तर दोन दिवस झोपेत जातात, एक मित्रांत, आणि चौथ्या दिवशी बॅग भरायची असते. समोर बसवून "बोल ना काहीतरी" म्हटलं की तोंडाला कुलूप लागतं. यावर मला सापडलेला एकच उपाय आज सांगायचा आहे. मोठ्या झालेल्या लेकाबरोबर, लेकीबरोबर मिळून स्वयंपाक करा. सांगायला हे सोपं आहे. करताना खरी कसोटी लागते ती आपली, आईवडिलांची, कारण त्या ओट्यापाशी आपण वीस-पंचवीस वर्षं हुकूम सोडलेले असतात.

मला पहिल्या वेळी ते जमलं नाही. मुलगा बंगळूरला नोकरीला लागला, त्याच्या दुसऱ्या वर्षी होळीला घरी आला होता. पुरण शिजत होतं. डाळ शिजवून कट काढून ठेवलेला, गूळ घातलेला, आणि तो आपणहून येऊन म्हणाला, "दे, मी हलवतो." मी उलथणं त्याच्या हाती दिलं आणि शेजारीच उभी राहिले. "खालून हलव, लागेल." "गॅस बारीक कर." "असं नाही रे, कडेनं." तीन-चार वेळा झालं आणि मग मी "दे इकडे" म्हणून उलथणं काढूनच घेतलं. तो मिनिटभर तिथे उभा राहिला, मग बाहेरच्या खोलीत जाऊन फोन बघत बसला. पुरणात उलथणं उभं राहीपर्यंत मी ते आटवलं. पोळ्या सुरेख झाल्या. तो जेवला, "मस्त झाल्यात" म्हणाला, आणि दोन दिवसांनी परत गेला. त्या दोन दिवसांत आमचं कशावरही बोलणं झालं नाही.

पुढच्या वर्षी श्रावणात जिन्यावरून घसरून माझं उजवं मनगट मोडलं. गणपतीच्या आधी प्लास्टर निघालं, पण बोटांत जोर नव्हता. पारी करणं, कळ्या काढणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, यंदा मोदक विकत आणू. तो म्हणाला, "तू नुसतं सांग, मी करतो." मी खुर्चीवर बसले आणि त्यानं एकवीस मोदक केले. पहिले चार-पाच गाठोड्यासारखे झाले, कळ्या कसल्या, नुसत्या चिमट्या होत्या. सातव्या-आठव्या मोदकाला बोटं सरावली. आणि अकरावा-बारावा मोदक हातात असताना, त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "आई, ती नोकरी मी मार्चमध्येच सोडली." सहा महिने तो रोज फोनवर मला ऑफिस ठीक आहे असं सांगत होता. मी इतकंच विचारलं, "मग आता काय करतोयस?" त्यानं सगळं सांगितलं, मोदक करत करतच.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. हात गुंतलेले असले आणि नजर कामावर असली की अवघड गोष्ट तोंडातून निघते. मध्येच गप्प व्हावंसं वाटलं तर गप्प होता येतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण काम चालूच असतं. आणि दुसरी गोष्ट, त्या दिवशी मला त्याची खरोखर गरज होती. होळीला ती नव्हती, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. मोठ्या मुलाला नुसता मदतनीस म्हणून उभं केलेलं लगेच कळतं. "मीठ दे, वरचा डबा काढ, बाजूला हो" एवढंच काम मिळणार असेल तर तो पाच मिनिटांत निघून जातो, आणि त्यात त्याची चूक नसते.

म्हणून पहिलं काम हे की, एक पदार्थ पूर्णपणे त्याच्यावर सोपवा. कोशिंबीर त्याची असेल तर काकडी चोचवण्यापासून फोडणीपर्यंत त्याची. दाण्याचं कूट किती, साखर घालायची की नाही, हे त्यानं ठरवायचं. आपल्या घरी साखर घालत नाहीत, हे सांगायचं नाही. पहिल्या दिवशी ते तोंडापर्यंत येतं, ते गिळावं लागतं. मध्ये पडायचं ते फक्त इजा होईल तिथे: विळीवर बोट पुढे आलं असेल, तेल धुरावलं असेल, कुकरची वाफ जिरायच्या आत कुणी झाकणाला हात घालत असेल तर जरूर ओरडा. भाजी करपली, खारट झाली, फोडणीत मोहरी तडतडायच्या आत हिंग-हळद पडली, याला इजा म्हणत नाहीत.

कोणता पदार्थ निवडायचा यावर पुष्कळ अवलंबून आहे. आपण बहुधा मुलाच्या आवडीचा निवडतो. मी म्हणेन, हाताला कोणतं काम आहे ते आधी बघा. तळणीच्या पदार्थात एकाला सतत कढईवर लक्ष ठेवावं लागतं, तिथे बोलणं होत नाही आणि होऊही नये. बैठं, एकसुरी, पुष्कळ वेळ चालणारं काम उत्तम. मेथी निवडणं, मटार सोलणं, लसूण सोलणं हे तर आहेच. कोकणातल्या आणि सीकेपी घरांतल्या वाचकांना बिरडं आठवेल. कडवे वाल रात्री भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत दाबून सोलायचा. अर्धा किलो वाल दोघांनी सोलायला बसलं तर तासभर सहज जातो. एरवी हे काम कंटाळवाणं म्हणून बायका सोललेल्या डाळिंब्या विकत आणतात. मूल घरी आलेलं असेल तेव्हा आणू नका. तो तास तुम्हाला हवा आहे.

ऋषिपंचमीची भाजीही अशीच. अळू, लाल भोपळा, भेंडी, शिराळं, सुरण, मक्याचं कणीस, जे मिळेल ते. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही हा त्या दिवसाचा नियम, म्हणून परसातल्या भाज्या. पदार्थ म्हणून अगदी साधा, चिरायला मात्र भरपूर. परात मध्ये ठेवून दोघं-तिघं बसली की अळूची देठं सोलता सोलता गप्पा निघतात. सुरण चिरण्याआधी हाताला तेल किंवा आमसुलाचं पाणी लावायला विसरू नका.

दिवाळीत चकलीपेक्षा करंजी बरी. चकलीचं सगळं यश मोहनावर: तेल जास्त झालं तर चकली कढईत विरते, कमी पडलं तर कडक होते, आणि दोन्ही वेळा घरातलं वातावरण बिघडतं. करंजीत मात्र कामाची साखळी तयार होते. एकानं लाटी घेऊन पुरी लाटायची, दुसऱ्यानं सारण भरून कडेला दूध लावून मिटायची, तिसऱ्यानं कातणीनं कापायची आणि ओल्या फडक्याखाली ठेवायची, म्हणजे सुकून तळताना उकलत नाही. वडीलही या साखळीत बसतात. कातण चालवायला काही विशेष यावं लागत नाही. सगळ्या भरून झाल्या की तळायला एकानंच उभं राहावं, बाकीच्यांनी भांडी आवरावीत.

मोदकांचं प्रमाण मी इथे देते, कारण ज्यांच्या घरी हे पहिल्यांदाच होणार आहे त्यांना ते लागेल. एक वाटी तांदळाच्या पिठीला एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पाण्याला उकळी आली की गॅस बारीक करून पिठी एकदम घालायची, चमच्याच्या दांड्यानं ढवळायचं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ आणायची आणि बंद करून आणखी पाच मिनिटं तशीच ठेवायची. उकड गरम असतानाच तेलापाण्याच्या हातानं मळायची; गार झालेल्या किंवा कमी मळलेल्या उकडीच्या पारीला चिरा पडतात. एका वाटीत आठ-दहा मोदक होतात. एकवीस करायचे तर अडीच वाट्या पिठी आणि दोन मध्यम नारळ. खवलेल्या नारळाच्या निम्मा चिरलेला गूळ, वेलची, थोडी भाजलेली खसखस. सारण फार आटवू नये, गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेवावेत. पाणी उकळल्यावर दहा-बारा मिनिटं वाफवावेत. ओलं बोट लावलं आणि चिकटलं नाही की झाले.

गणपतीच्या दिवशी नैवेद्य दाखवल्याशिवाय चव घेत नाहीत. म्हणजे सारण गोड झालं का, हे जिभेला विचारता येत नाही. मापावरच भरवसा ठेवावा लागतो. इथेच आपलं, म्हणजे जुन्या हातांचं, अडतं. मूल विचारतं "किती?" आणि आपण म्हणतो "अंदाजानं." वर्षानुवर्षांच्या सवयीनं आपल्या हाताला माप कळतं, पण मुलाला हात उसना देता येत नाही. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि पुढे कित्येक मुलींच्या बॅगेतून परगावी, परदेशी गेलं, याचं मोठं कारण त्यांनी वाटी-चमच्याच्या मापात सगळं सांगितलं. तुम्हीही एकदा ते करा. मुलाला सांगा, "मी घालते, तू मोज." माझ्या मुठीत तांदळाची पिठी किती मावते, आमटीत मी गूळ किती टाकते, हे माझ्या मुलानं छोट्या वजनकाट्यावर मोजून वहीत लिहिलं. माझा "चिंचेएवढा गूळ" पंधरा ग्रॅमचा निघाला. ते मोजायला एक आख्खी दुपार गेली, आणि ती वही आता त्याच्याकडे आहे. त्यात माझ्या सासूबाईंच्या गोड्या मसाल्याचं प्रमाणही आहे, जे मी स्वतः कधी लिहून ठेवलं नव्हतं. दगडफूल, नागकेशर, शहाजिरं ही नावं त्याला तेव्हा पहिल्यांदा कळली. आपल्या घराचा मसाला, भाजणी, मेतकूट यांतलं जे कुठेच लिहिलेलं नाही, तिथून सुरुवात केलीत तर हे काम मुलाला उगीच वाटणार नाही.

आता मुलींबद्दल. हे वेगळं सांगावं लागतं, आणि मला ते सांगताना जड जातं. माझी लेक मुलापेक्षा पाच वर्षांनी मोठी. ती चौदाची असताना मी तिला पोळ्या लाटायला हाक मारत होते. तो चौदाचा झाला तेव्हा त्याला मारली नाही. मी मोदकांची गोष्ट कौतुकानं सांगत होते तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला कधी कुणी विचारलं नव्हतं, करशील का म्हणून. मला करावंच लागायचं." तिचं खरं होतं. मी तसं तिला म्हटलं, कारणं सांगितली नाहीत. ज्या घरांत असं झालं आहे, आणि ती पुष्कळ आहेत, तिथे लेकीला "चल, दोघी मिळून पुरणपोळ्या करू" म्हणून बोलावलं तर तिच्या कानाला ती जुनीच हाक वाटते. तिच्यासाठी बाजू बदला. तिला येणारा, तुम्हाला न येणारा पदार्थ तिनं करायचा आणि तुम्ही हाताखाली राहायचं. माझ्या लेकीनं मला दम बिर्याणी शिकवली. तांदूळ किती शिजल्यावर काढायचा, कांदा कुठवर तळायचा, यात ती फार काटेकोर आहे. ती सांगेल ते मी केलं, कांदे चिरले, भांडी घासली. दोन-तीन रविवारांनंतर तिनंच विचारलं, "तुझी वालाची उसळ कशी करतेस?" सूनबाई किंवा जावई घरात असतील तर त्यांनाही हाच न्याय. लेकाशी जवळीक साधताना सुनेच्या वाट्याला नुसती चिराचिरी आणि मागचं आवरणं येत असेल, तर ते ताबडतोब थांबवा.

दोघांनाही न येणारा पदार्थ घेणं हा तर मला सगळ्यांत सुरेख मार्ग वाटतो. शहरात वाढलेल्या माझ्या पिढीतल्या कित्येकजणींना भाकरी थापता येत नाही. मलाही येत नव्हती. आम्ही मायलेक गावाकडच्या माझ्या जाऊबाईंकडून शिकलो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते ऊन पाण्यात, तळहाताच्या टाचेनं भरपूर मळायचं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि थापताना कडा फाटतात, म्हणून थोडं थोडं ताजं दळून आणायचं. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकत आलं की उलटायची आणि दुसरी बाजू झाली की जाळावर फुगवायची. माझी पहिली भाकरी परातीतून उचलतानाच तुटली, त्याचीही तुटली. जाऊबाई आम्हा दोघांना सारख्याच रागावत होत्या. मुलासमोर मी काहीतरी पहिल्यापासून शिकते आहे, हे त्यानं त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानंतर तो मला त्याच्या कामातल्या अडचणी सांगायला लागला.

एक पथ्य मात्र कडक पाळा. स्वयंपाकघरात मूल आयतं सापडलं म्हणून लग्नाचा, पगाराचा, वजनाचा विषय काढू नका. "आता बोलावलंच आहे तर विचारून घेते" असं एकदा झालं की पुढच्या वेळी त्याला काम असतं, डोकं दुखतं, मित्र येणार असतो. मी तर असं ठरवलं आहे की ओट्यापाशी पहिला प्रश्न मी विचारायचाच नाही. विषय त्यानं काढायचा. नाही काढला तर मिठाबद्दल, भेंडीच्या भावाबद्दल बोलायचं, किंवा रेडिओ लावायचा. काही वेळा दोन तासांत काहीच बोलणं होत नाही. तेही चालतं. आणि आवरताना घाई करू नका. एकानं भांडी विसळायची, दुसऱ्यानं पुसायची. बहुतेक वेळा खरं बोलणं सिंकपाशीच निघतं, तेव्हा कामवाल्या मावशींसाठी भांडी ठेवून देऊ नका.

मुलाच्या घरी तुम्ही जाल तेव्हा ते स्वयंपाकघर त्याचं आहे हे विसरू नका. डबे हलवायचे नाहीत, मिसळणाचा डबा धुवून पुन्हा लावून द्यायचा नाही, "हे काय, एवढीच भांडी?" म्हणून बाजारात जायचं नाही. मोहरी कुठे आहे हे त्याला विचारायचं, दहा वेळा लागलं तरी दहा वेळा. इंडक्शनवर फोडणी करताना कढई लवकर तापते, ते त्यालाच माहीत असतं. तिथे तो सांगेल तसं करा.

परदेशात असलेल्या मुलांबरोबरही हे जमतं. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिकडे रविवारी सकाळचे साडेनऊ-दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात-साडेसात. तिकडे नाश्ता, इकडे रात्रीचं जेवण. थालीपीठ दोन्हीला चालतं. फोन हातात धरू नका, डब्याला टेकवून असा ठेवा की चेहऱ्याऐवजी तवा दिसेल. तिकडच्या मापाचा कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो, आपली आमटीची वाटी त्याहून पुष्कळ लहान, म्हणून दोघांनी एकदा आपापली वाटी पाण्यानं भरून मोजून ठेवावी. तिकडे मिळणारा गोठवलेला खवलेला नारळ वितळला की पाणी सोडतो, तेव्हा सारण थोडं जास्त परतावं लागतं. आणि फोडणी करण्याआधी पंखा सुरू केला का, हे जरूर विचारा. तिकडे धुराचा भोंगा वाजला की सगळा डाव मोडतो.

सणाची वाट पाहायची गरज नाही. उलट मोदकांची पहिली वेळ चतुर्थीच्या आठ दिवस आधी, साध्या दिवशी घ्या. त्या दिवशी सारण चाखता येतं, मोदक फुटले तर वाटीत घेऊन वर तूप घालून खाता येतात, आणि पाहुण्यांची गडबड नसते. वेळ दीड-दोन तासांचीच ठेवा. चार पदार्थांचा घाट घातला की पुन्हा आपणच भराभर हात मारायला लागतो.

मूल पुढच्या वेळी घरी येणार असेल त्याच्या आधी एक फोन करा. "तुझ्यासाठी काय करून ठेवू?" असं नेहमीचं विचारू नका. "या वेळी काय करशील? सामान मी आणून ठेवते," असं विचारा. आणि तो आला की सामान ओट्यावर मांडून, उलथणं त्याच्या हाती देऊन, तुम्ही लसूण सोलायला बसा.